मागे राहणारा डोळा

आई,

तीन आठवड्यांपूर्वी, मंगळवारी सकाळी, मी तुझा डावा डोळा पाहिला. तुला जाऊन तीस वर्षं होऊन गेली, त्यामुळे हे वाचून तू म्हणशील की पोरीला ऊन लागलं. लागलं असेलही. मे महिना आहे, दुपारी हैदराबादेत, हिमायतनगरच्या रस्त्यावर उभं राहवत नाही आणि मी अजूनही छत्री घरी विसरते. पण डोळा तुझाच होता. माझ्यासमोरच्या पडद्यावर त्याची एक रेघ उमटली, आणि ती शेजारच्या रेघेच्या मागे राहायला लागली. समोर दुसऱ्याच कुणाची पोर बसली होती हे मला कळत होतं. तरी मी मनात आई म्हटलं. सांगायचं आहे ते त्या मंगळवारचं, पण लिहायला बसले ती कालच्या एका गोष्टीमुळे. तिच्याकडे यायला मला वेळ लागेल. घाई करू नकोस.

मी आता काय करते ते तुला ठाऊक नाही. तू होतीस तेव्हा मी एका चष्म्याच्या दुकानात नंबर काढायला बसत होते आणि आत्या गल्लीभर सांगायची की आमच्या भावाची पोर डॉक्टरीण आहे. डॉक्टरीण काही मी झाले नाही. एका डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणीच्या खोलीत बसते, पेशंट डॉक्टरांकडे जाण्याआधी माझ्या हाताखालून जातो. चार-पाच वर्षांपासून माझ्याकडे एक नवं यंत्र आहे. त्यात हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं आणि समोरचा ठिपका जिकडे उडी मारेल तिकडे फक्त डोळे न्यायचे, मान हलवायची नाही. खालून एक कॅमेरा दोन्ही बुबुळं टिपत राहतो आणि माझ्यासमोर दोन रेघा निघतात, एक उजव्या डोळ्याची आणि एक डाव्या. ठिपका उजवीकडे गेला की दोन्ही रेघा एकदम वर, डावीकडे गेला की एकदम खाली. धडधाकट माणसाच्या दोन रेघा एकीवर एक अशा बसतात की दोन आहेत हे कळतच नाही.

भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्यावर हे कधीच कळत नाही गं. तक्ता वाचताना आपण एक डोळा झाकतो आणि दुसरा एका जागी रोवून बसतो, त्यात डोळा हलायची वेळच येत नाही. पण काही आजार असे असतात की नजर साफ असते आणि तरी माणसाला धड दिसत नाही, कारण दोन डोळे बरोबरीने वळत नाहीत. असे पेशंट पाच ठिकाणी हिंडून, पाच ठिकाणी 'तुम्हाला काही झालेलं नाही' हे ऐकून आमच्याकडे येतात. त्यांच्या चेहऱ्यावर एक ओशाळेपणा असतो, चोरी पकडली जाईल असा. तो मी दारातच ओळखते.

हे मराठीत लिहितेय, कारण तुला दुसरी भाषा वाचता येत नव्हती. आणि खरं सांगू, घरात मराठी वाचणारं आता कुणी उरलेलं नाही. तुझा नातू बोलतो छान, मधेमधे तेलुगू आणि आपली हैदराबादी हिंदी घुसडून, पण मराठीची एक ओळ वाचायला दिली तर पानावरून बोट फिरवत बसतो. मघाशी त्याने विचारलं, 'क्या लिख रहे मम्मी, इतना?' मी म्हटलं, दवाखान्याचं काम. वही उघडी ठेवून मी चहाला उठले तरी चालतंय.

काचीगुड्याचं आपलं घर तर अजून माझ्या स्वप्नात येतं. स्टेशनच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या. पुढच्या खोलीत बाबा आणि त्यांच्या ऑफिसचे कागद, मागच्या खोलीत आपण तिघी, तू, मी आणि आत्या. आत्या बाबांची थोरली बहीण, नवरा गेल्यावर माहेरी आलेली, आणि घरात शब्द तिचा. तू नांदेडकडच्या शेतकऱ्याची मुलगी, तिच्यासमोर वर मान करायची नाहीस. मी नववीत असताना तू एकाएकी थंड पाण्याने अंघोळ करायला लागलीस. भर डिसेंबरात, दात वाजत असताना. आत्याने विचारलं तर म्हणालीस, नेम धरलाय. कशाचा ते सांगितलं नाहीस. मग पहाटे उठून, हवेत गारवा आहे तोवर, दिवसभराच्या भाकरी थापून तू मोकळी व्हायला लागलीस. उजाडायच्या आत आपला स्टोव्ह बंद. आणि तुझा तो पदर. आधी डोक्यावर होता, मग कपाळावर आला, मग डाव्या डोळ्यावरून पार गालापर्यंत. आपल्या लोकांतल्या सुना तोवर पदर खांद्यावर टाकून बाजारहाट करायला लागल्या होत्या, आणि तू उलट्या दिशेने निघालीस.

काय कौतुक झालं तुझं! गल्लीतल्या सासवा आपापल्या सुनांना तुझं उदाहरण द्यायच्या. हळदीकुंकवाला पहिलं बोट तुला. कुणाच्या घरी नवी सून आली की तिला तुझ्या पाया पडायला धाडायचे. आत्याला तर कुठे ठेवू आणि कुठे नको झालं होतं. बारशाला जावं, डोहाळजेवणाला जावं, तिचं एकच पालुपद, आमच्या घराची मर्यादा बघायची असेल तर हिला बघा, हिचा नेम बघा. तू खाली मान घालून बसायचीस. मला वाटायचं, आई किती देवभोळी आहे. थोडा अभिमान वाटायचा आणि थोडी लाजही वाटायची.

तोंडाने मात्र तू काही वेगळंच सांगत होतीस. स्टोव्हपाशी बसलं की डोळ्यांपुढे धुकं येतं. उजवीकडे बघितलं की एकाची दोन माणसं दिसतात. पायाला मुंग्या येतात त्या आठ-आठ दिवस जात नाहीत. दोन महिने हे चालायचं आणि मग आपोआप थांबायचं, आणि थांबायचं हाच तुझ्याविरुद्धचा पुरावा. आत्या म्हणायची, खरं दुखणं काय असं पाहुण्यासारखं येतं-जातं होय? बाबांनी एकदाच तुला सुलतान बाजारातल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मी बरोबर होते. रिक्षात तुला वारा लागलेला, दवाखान्यात डोक्यावर पंखा, तुझं अंग निवलेलं. तू एकेक डोळा झाकून तक्त्याची शेवटची ओळ खडखडीत वाचलीस. डॉक्टर म्हणाले, नजर अगदी स्वच्छ आहे, घरात काही कटकट आहे का? बाबा ओशाळून हसले. घरी आल्यावर आत्याने निकाल लावला, नजर चांगली निघाली ना, मग आता सोंगं पुरे. ज्या गोष्टी तू लपवण्यासाठी करत होतीस त्यांना भक्ती म्हणत होते आणि जे उघड सांगत होतीस त्याला सोंग. एकाच बाईबद्दल, एकाच तोंडाने. कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही.

मीही त्यातलीच. नारायणगुड्यातल्या एका हॉलमध्ये आपल्या लोकांचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, मी सतरा वर्षांची, बरोबर कॉलेजातली एक मैत्रीण. तिने हळूच विचारलं, 'तेरी अम्मी परदा करते क्या?' तिच्या मनात काही वाईट नव्हतं, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिना उतरताना मी तुझ्याजवळ आले, तुझा पदर धरला आणि खस्सकन ओढून खांद्यावर टाकला. म्हटलं, लोक हसतात, दोन्ही डोळ्यांनी नीट बघत जा. तू निमूट दोन्ही डोळ्यांनी बघितलंस. तुला दोन जिने दिसले असणार. जो नव्हता त्याच्या पायरीवर तू पाय ठेवलास आणि तीन पायऱ्या खाली जाऊन बसलीस. तिळगूळ सगळा जिनाभर. बायका धावल्या तर त्यांना म्हणालीस, निऱ्यांत पाय अडकला. माझ्याकडे तू बघितलंसुद्धा नाहीस, आणि मी तिळगूळ गोळा करत बसले.

आता ती मंगळवारची पोर. असेल पंचविशीची, परभणीकडून लग्न होऊन मलकपेठेत आलेली. सासरचं कापडाचं दुकान. बरोबर सासू आणि नवरा. माझं मराठी ऐकून सासूबाई खुलल्या, म्हणाल्या, आपल्याच निघालात की तुम्ही, मग तुमच्यापासून काय लपवायचं. आणि दारातच सगळं सांगून मोकळ्या झाल्या. दोन डॉक्टर झाले, तक्ता साफ वाचते, नंबरसुद्धा नाही. तरी स्वयंपाकघरात गेली की हिला दिसत नाही म्हणे. मोबाइल बघताना बरं दिसतं. आमच्या डॉक्टर मॅडमनी एकदा खात्री करून घेऊ म्हणून हिला माझ्याकडे पाठवलं होतं. सासूबाई म्हणाल्या, हा रिपोर्ट साफ आला की गुरुवारच्या गाडीने हिला परभणीला पोचवून येणार, आमच्याच्याने ही नाटकं होत नाहीत. नवरा भिंतीकडे बघत होता. पोचवून येणार म्हणजे काय हे मला सांगायला नको होतं. तिला परत आणायला कुणी जाणार नव्हतं.

आत खोलीत आम्ही दोघीच. मी तिची हनुवटी पट्टीवर नीट बसवत होते तेव्हा ती हळूच म्हणाली, "मावशी, गरम पाण्याने अंघोळ केली की मला दिसेनासं होतं. कुणाला खरं वाटत नाही. आताशा मलाही वाटत नाही." माझा हात तिच्या हनुवटीखाली तसाच राहिला. म्हटलं, बोलू नकोस, ठिपक्याकडे बघ. ठिपका उडाला. डावी, उजवी, डावी, उजवी. आणि रेघा? एकीवर एक, चपखल. मी सगळं परत घेतलं, तरी तेच. खोलीत एसी जोरात चालू होता, तो आम्ही यंत्रासाठी चालू ठेवतो, आणि ती पोर बाहेरसुद्धा अर्धा तास एसीत बसून आलेली. पडद्यावर खाली शब्द आला, नॉर्मल. फक्त छापायचं बटण दाबायचं राहिलं होतं. दाबलं असतं तर माझं काही चुकलं नसतं. यंत्र म्हणतंय तेच मी छापलं असतं, आणि गुरुवारी ती गाडीत बसली असती.

मी तिला म्हटलं, चल माझ्याबरोबर. तिचा हात धरून मी तिला मागच्या जिन्याने वर घेऊन गेले, चार मजले, तिथे एसी नाही आणि काचेतून थेट ऊन येतं. वर गेलो, खाली आलो, परत वर. दुसऱ्या फेरीला मला धाप लागली, गुडघे माझेच गेलेले. जिन्यापाशी बसणारा म्हातारा वॉचमन म्हणाला, 'लिफ्ट उंदि कदा अम्मा', लिफ्ट आहे ना बाई. मी त्याला हातानेच थांब म्हटलं. तिसऱ्या मजल्यावर पोरीचा पाय अडखळला. मी तिला घट्ट धरून होते, पडू दिली नाही. तिने कठडा चाचपला आणि म्हणाली, मावशी, आलं. तिचं तोंड लाल झालं होतं, घामाने केस कपाळाला चिकटले होते. तिने डावा डोळा मिटून घेतला, अगदी सवयीने, आणि मला म्हणाली, आता तुम्ही एकच दिसताय.

घाम न पुसता तिला बसवली, एसी बंद केला. ठिपका उजवीकडे उडाला. उजव्या डोळ्याची रेघ ताडकन वर गेली आणि वर पोचून थरथरत राहिली. डाव्याची रेघ निघाली ती रमतगमत, तिरकी, चढ चढणाऱ्या थकल्या बाईसारखी, आणि कितीतरी उशिरा अर्धीमुर्धी वर पोचली. परत उजवीकडे नेला, परत तेच. मी आठ वेळा घेतलं. दोन रेघांच्या मध्ये ती जी फट पडत होती ना, तिच्याकडे मी बघत बसले. पोर उजवीकडे बघायची आणि डावा डोळा मागे राहायचा. मग तिचं अंग हळूहळू निवलं आणि माझ्या डोळ्यांदेखत रेघा एकमेकींजवळ आल्या आणि परत एक झाल्या. उशीर झाला असता तर काहीच सापडलं नसतं.

डॉक्टर मॅडम माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, विजयवाड्याकडच्या, हुशार आणि तोंडाने गोड. त्यांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून बघितले. सासूबाईंना म्हणाल्या, एवढ्यावर आजाराचं नाव सांगता येणार नाही, मेंदूचा एमआरआय काढावा लागेल, पण ही मुलगी खोटं बोलत नाहीये एवढं मी आत्ता लिहून देते. सासूबाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, म्हणजे खरंच होतं? मी म्हटलं, हो बाई, खरंच होतं. त्या बाकावर बसल्या आणि सुनेच्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. मग मॅडमनी मला बाजूला घेऊन विचारलं, जिना चढवायचं तुम्हाला कसं सुचलं? मी म्हटलं, कुठंतरी वाचलं होतं.

एमआरआयमध्ये डाग निघाले. त्या आजाराला मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणतात. मेंदूतल्या तारांवर जे वेष्टण असतं ते आपलंच शरीर कुरतडतं, मग डोळ्यांना, पायांना जाणारे निरोप रखडत जातात. ऊन, ताप, गरम पाणी, चुलीची धग, अंग तापलं की ते आणखी रखडतात. अंग गार झालं की बरं वाटतं. समजलं ना, आई? तुझा नेम, तुझ्या त्या पहाटेच्या भाकरी, तुझा तो पदर. तू बिचारी आपली आपण धगीपासून पळत होतीस आणि एका डोळ्याने एकच जग बघायची सोय करून घेत होतीस, आणि आम्ही तुला ओवाळत होतो. तुझ्या डोक्यात कुणी डोकावून बघितलेलं नाही, त्यामुळे तुला तेच होतं असं मी कागदावर कधीच लिहू शकणार नाही. पण मला खात्री आहे. तेव्हा त्यावर औषध नव्हतं, हेही मला ठाऊक आहे. मी मनाला तेच सांगते. औषध नव्हतं तर नव्हतं, पण सोंग नाही, दुखणं आहे, एवढं म्हणायला कुणाला औषध लागत होतं?

आणि हेही सांगते. रोज सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी मी स्वतः त्या यंत्रात हनुवटी टेकवते. सगळ्यांना सांगते की यंत्र नीट चालतंय का ते बघते. माझ्या दोन रेघा एकीवर एक बसल्या की चहा घशाखाली उतरतो. तुझा नातू जेवताना टीव्हीकडे तिरका बघतो तेव्हा मी त्याचे डोळे बघते. तो म्हणतो, 'क्या देख रहे?' मी म्हणते, भात वाढू का. तू कधी माझ्या खोलीतून गेलीसच नाहीस. पेशंटने डोळा झाकला की तूच तिथे बसलेली असतेस.

आता ते. जिन्यावरून पडल्यावर तीनेक महिन्यांनी, एप्रिलमध्ये, तू बाबांच्या मागे लागलीस की मला मोठ्या दवाखान्यात दाखवा. बाबा कंटाळून म्हणाले, पोरगी इंटरला आहे, सायन्स शिकते, तिला दाखव, ती म्हणाली काही आहे तर उद्याच उस्मानियाला नेतो. मी ते ऐकलं होतं. आत्याचंही ऐकलं होतं, त्याच सकाळी, की हिचे डोळे खरंच गेले तर पोरीचं कॉलेज बंद करा, घर कोण बघणार? तुला वाटलं मी पुस्तक वाचतेय. मी सगळं ऐकत होते.

दुपारी आत्या निजल्यावर तू मुद्दाम स्टोव्ह पेटवलास. रिकामा स्टोव्ह, वर भांडं नाही काही नाही, आणि त्याच्यापाशी तोंड करून अर्धा तास बसलीस. मला वाटलं हिला वेड लागलं. मग घामाने निथळत तू मोरीच्या उजेडात येऊन उभी राहिलीस, डोक्यावरचा पदर स्वतःच्या हाताने मागे टाकलास, तुझं तोंड मी कितीतरी महिन्यांनी पूर्ण बघत होते. म्हणालीस, आता बघ, आता आलंय, मी उजवीकडे बघते, तू माझे डोळे बघ. डॉक्टरसमोर ते का लपतं आणि बाहेर कसं काढायचं, हे तू एकटीने शोधून काढलं होतंस. चौथी शिकलेली बाई. ते मी कुठेही वाचलेलं नव्हतं.

तू उजवीकडे बघितलंस, आणि मी पाहिलं. उजवा डोळा कोपऱ्यात जाऊन थरथरत होता आणि डावा मधेच राहिला होता, मग हळूहळू निघाला. यंत्र नको होतं, काही नको होतं, सतरा वर्षांच्या पोरीला साध्या डोळ्यांनी दिसत होतं. मी घाबरले. पण पुढचं घाबरून म्हणाले असं नाही. मला कॉलेज दिसत होतं, बस दिसत होती, आणि हा रिकामा स्टोव्ह. मी म्हटलं, "काही नाही आई. बरोबर आहेत दोन्ही."

तू माझ्या तोंडाकडे बघत राहिलीस. मला वाटलं आता तू मला खोटारडी म्हणशील, म्हटलं असतंस तर किती बरं झालं असतं. पण तुझा माझ्यावर विश्वास होता. तू पदराने घाम पुसलास आणि म्हणालीस, "असं होय. मग माझ्याच मनाचे खेळ असतील. बरं झालं बाई, मी उगाच भीत होते." आणि जाऊन स्टोव्ह बंद केलास. त्यानंतर तू डोळ्यांचं नाव काढलं नाहीस. पुढे पाय ओढायला लागलीस, मग धरून चालायला लागलीस, मग खाट धरलीस. सगळे म्हणाले अंगावरून वारं गेलं. शेवटच्या वर्षी मी तुला भरवायची तेव्हा घास घेण्याआधी तू मला म्हणायचीस, तुझं शिक्षण झालं हे एक बरं झालं. मी घास तोंडात कोंबून तुला गप्प करायची.

काल ती पोर परत आली होती. आठवडाभर दवाखान्यात राहून, सलाइनमधून औषध घेऊन, पुढच्या औषधांचे कागद घ्यायला. नवरा बरोबर होता, त्याने तिची पिशवी धरली होती. परभणीची तिकिटं रद्द केली म्हणाला, जरा खाली बघून. ती माझ्या खोलीत आली, माझे दोन्ही हात धरले आणि रडली. मग डोळे पुसून तिने सहज विचारलं, मावशी, तुम्हाला एवढं बरोबर कसं कळलं, तुमच्या घरात कुणाला होतं का हे?

तेव्हा तुझं नाव घ्यायला काय हरकत होती? आत्या नाही, बाबा नाहीत, कॉलेज संपून जन्म लोटला. एक हो म्हटलं असतं तर एका माणसाला तरी कळलं असतं की तू खोटं बोलत नव्हतीस. ती पोर ऐकायला तयारच होती.

मी म्हटलं, नाही गं, आमच्या घरात कुणाला नव्हतं.